पाच नंबर वाढव

बॉथेल, वॉशिंग्टन
श्रावणातला दुसरा शनिवार (इथे नुसताच शनिवार)

तीर्थस्वरूप सुवर्णाआत्या यांच्या पायाशी इथून हात पोचत नाही, म्हणून कागदावरच डोकं टेकवून देवांगचा नमस्कार.

फोनवर मी तुम्हाला सर्रास 'तू' म्हणतो हे खरं आहे. पण कागद चार माणसांच्या हाती पडतो, कागदावर वडीलधाऱ्यांना अहोजाहोच करायचं, हे तुम्हीच शिकवलंत. तेव्हा या पत्रात तुम्ही 'तुम्ही' आहात, त्याला माझा इलाज नाही.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्यांविषयी विचारत नाही, कारण गुडघे कसे आहेत असं विचारलं की तुम्ही 'दोन आहेत' असं उत्तर देता. उजव्या हाताविषयी मात्र विचारतो. गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुम्ही तो सगळा वेळ पदराखाली ठेवला होतात आणि चहाचा कप डाव्या हाताने उचललात. मी म्हणालो, हाताला काय झालंय, तर तुम्ही कराडच्या पावसाची चौकशी मलाच करायला लागलात. आम्ही इकडे खुशाल आहोत. मृणालिनीचा खांदा धरला होता तो आता सुटला. अनया गाडी चालवायला शिकली असून रोज ती घेऊन जाते, त्यामुळे आमच्या घरात देवाचं नाव घेणं वाढलं आहे. (इथे 'वाढलं' हा शब्द सरळ अर्थाने घ्यावा. आजच्या पत्रात हा खुलासा वारंवार करावा लागणार आहे.)

आता मुद्द्याचं. हे पत्र तक्रारीचं आहे. इथे दही करणाऱ्या एका कारखान्यात मंगळवारी माझ्या देखरेखीखाली दुधाचा पूर आला, आणि त्याचं मूळ शोधत गेलं तर ते कराडला, पेठेत, तुमच्या बांगड्यांच्या दुकानात निघतं. शिवाय महिन्यापूर्वी तुम्ही कुटुंबाच्या ग्रुपवर एका ओळीचा निरोप टाकला होतात, 'यंदा दसऱ्याला पूजा करून दुकान वाढवते आहे,' त्याबद्दलही मला एक प्रश्न विचारायचा आहे. प्रश्न अगदी लहान आहे. पण तो विचारायची मला भीती वाटते आहे, म्हणून आधी दुधाचं सांगतो. (फोन का केला नाही असं म्हणाल. फोनवर अडचणीचं काही विचारलं की तुम्ही 'बरं बरं, ठेवते' म्हणता. पत्र तुम्हाला ठेवता येणार नाही.)

दुधाचं कळायला माझं काम कळलं पाहिजे. तुम्ही पेठेत माझ्याविषयी काय सांगता ते माझ्या कानावर येतं. 'भाचा अमेरिकेत बटणांचं काम करतो.' गेल्या खेपेला शेजारच्या रेखाकाकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तिकडे शिलाईला बरं मिळतं का. तर ऐका. कारखान्यात दूध, पाणी, वाफ सगळं पाइपातून फिरतं, आणि पाइपांवर जागोजागी व्हॉल्व्ह असतात. म्हणजे आपल्या नळाच्या चाव्याच, फक्त माणसाने हात न लावता फिरणाऱ्या. त्या फिरवायला भिंतीवर एक पडदा बसवलेला असतो, टीव्हीपेक्षा लहान आणि पोळपाटापेक्षा मोठा. त्यावरच्या बटणाच्या चित्रावर बोट ठेवलं की तिकडे चावी फिरते. बोट कुठे ठेवायचं, ठेवल्यावर काय व्हायचं, आणि नको तिथे ठेवलं तर काय होऊ द्यायचं नाही, एवढं मी लिहितो. हीच माझी विद्या, आणि तिच्यावर आमचं घर चालतं.

या कारखान्यात दुधाच्या आठ टाक्या आहेत. प्रत्येक टाकीत दूध सोडणारी चावी स्वतंत्र, आणि पडद्यावर तिचं बटणही स्वतंत्र: कमी-जास्त करायला दोन बाण, आणि मध्ये ती किती टक्के उघडी आहे तो आकडा. या आठांच्या डोक्यावर तसेच दोन बाण असलेलं एक थोरलं बटण असतं, त्याला मास्टर म्हणतात. मास्टरचं सगळ्यांवर चालतं. इथपर्यंत सोपं आहे, कारण आपल्याही घराण्याची व्यवस्था अशीच आहे आणि मास्टर कोण हे मी लिहायची गरज नाही. भांडण पुढे लागतं. मास्टरने सगळं थांबवलं आणि मग पुन्हा सोडलं, तर खालच्या आठांनी काय करायचं? ज्याने त्याने आपल्या आधीच्या जागी जायचं, की कुणीतरी येऊन एकेकाला हात लावेपर्यंत गप्प राहायचं?

माझं उत्तर ठाम होतं, आणि ते मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. आपल्या दुकानाला शटर नाही. नऊ फळ्या आहेत, खालच्या-वरच्या खाचेत एकेक सरकवायच्या, आणि मग त्यांच्यावरून आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. पट्टी असेपर्यंत एकही फळी जागची हलत नाही. पण पट्टी काढली म्हणून काही दुकान उघडत नाही. फळ्या एकेक काढाव्या लागतात, त्याही ओळीने, आणि प्रत्येक फळी काढताना आतल्या कपाटाची काच सांभाळावी लागते. सकाळी पट्टी काढल्याबरोबर नऊच्या नऊ फळ्या आपोआप भिरकावल्या गेल्या असत्या तर तुम्ही आजोबांच्या त्या दुकानात काचेची एक बांगडी शाबूत ठेवू शकला नसतात.

हे सगळं मी रॉनला ई-मेलवर कळवलं. रॉन म्हणजे त्या कारखान्याचा मॅनेजर, ताडमाड उंच, आणि बोलण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी. (फळ्यांचं चित्रही काढून पाठवलं. त्यावर त्याने 'नाइस' असं लिहिलं.) पण त्याला ते नको होतं. मास्टर सोडलं की सगळ्या टाक्यांनी आपापल्या जुन्या जागी जायचं, माणसांचा वेळ वाचतो, असं त्याचं म्हणणं. शिवाय टाक्या धुताना सगळ्या चाव्या सताड उघडाव्या लागतात, तेव्हा मास्टरचा वरचा बाण दाबून धरला की आठही टाक्या शंभर टक्के उघडायला हव्यात (आणि खालचा धरला की आठही शून्यावर), ही त्याची दुसरी मागणी. गिऱ्हाईक हा देव आहे असं इथेही मानतात, फक्त पूजा ई-मेलने करतात. मी दोन्ही गोष्टी करून दिल्या, आणि खरं सांगायचं तर ते दाबून धरायचं बटण फार देखणं झालं होतं.

आता शिवांगीविषयी. ही माझ्या हाताखाली काम करते. जन्म न्यू जर्सीचा, आई-वडील मूळचे नागपूरचे. मला ती देवांगकाका म्हणते. (ऑफिसात, सर्वांच्या देखत. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे.) मुलगी हुशार आहे आणि तिचं मराठी स्वच्छ आहे, पण ते घरात शिकलेलं मराठी आहे. घरच्या मराठीत पोळी असते, अभ्यास असतो, आजीचा फोन असतो. दुकान नसतं. ही गोष्ट माझ्या आधी लक्षात यायला हवी होती असं तुम्ही म्हणाल. आली नाही.

आम्ही दोघं कामावर एरवी इंग्रजीत बोलतो, पण काही बिनसलं की मराठीत. इथे सगळे असंच करतात. गिऱ्हाईक शेजारी उभं असताना 'घोळ झाला' हे सांगायला याहून सभ्य सोय नाही. चेहरा हसरा ठेवायचा, आवाज गोड ठेवायचा, गिऱ्हाइकाला वाटतं ही मंडळी जेवणाचं ठरवताहेत. या सोयीने आजवर माझी अब्रू अनेकदा वाचली होती, म्हणून मंगळवारी मी तिच्यावर विसंबलो.

मंगळवारी शेवटची परीक्षा होती. पाण्यावरच्या परीक्षा आधीच झाल्या होत्या, आता खरं दूध. ही पार पडली की रॉन सही करणार आणि काम आमच्याकडून उतरणार. शिवांगी खाली टाक्यांपाशी, डोक्यावर जाळीची टोपी, पायात पांढरे बूट, बोट पडद्यावर. मी वर काचेच्या खोलीत लॅपटॉप घेऊन रॉनच्या शेजारी. टाकी भरली की दूध आपोआप थांबायची एक सोय असते, ती मी थोड्या वेळापुरती काढून ठेवली होती, कारण परीक्षा माणसाच्या हाताची घ्यायची होती. (हा निर्णय माझा. त्याचं खापर तुमच्यावर फोडत नाही. माझ्या तक्रारीला मर्यादा आहेत.) पहिल्या चार टाक्या सुरेख भरल्या. पाचवीची पातळी मात्र भराभर चढायला लागली. मी फोन उचलला आणि जेवणाचं ठरवायच्या आवाजात म्हणालो, "शिवांगी, पाच नंबर वाढव."

आत्या, या शब्दात काय वावगं होतं ते तुम्हीच सांगा. मी तुमच्या दुकानात वाढलो. (सरळ अर्थाने.) आई गेल्यावर शाळा सुटली की मी तिथेच असायचो. आपल्या दुकानात बांगडी कधी फुटली नाही, ती वाढली. संध्याकाळी दिवेलागण उलटून गेली की तुम्ही म्हणायचात, चला, वाढवू या. त्या दुसऱ्या शब्दाचा उच्चार मी एकदाच केला होता, तिसरी-चौथीत असताना, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा. तेव्हा लग्नाच्या मुलीला चुडा भरणं चाललं होतं. तिचा डावा हात तुमच्या मांडीवर होता. तुम्ही तो न सोडता, नजरही न वळवता, मोकळ्या उजव्या हाताने माझ्या कानाखाली दिलीत आणि पुढची बांगडी चढवलीत. मुलगी नंतर तुमच्या पाया पडली. मला कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून माझ्या घरातला पंखादेखील त्या शब्दाने थांबलेला नाही. मृणालिनीला लग्नानंतर वर्षभर हा त्रास झाला. मी बाहेरून ओरडायचो, गॅस वाढव, ती मोठा करायची आणि आमटी करपायची. पडद्यावरच्या बटणांवर मी 'क्लोज' असं लिहितो, कारण इंग्रजीत अपशकुन होत नाही असा माझा अनुभव आहे. हे पत्रही तपासून पाहा, तो शब्द एकदाही आलेला नाही.

तर मी म्हणालो, पाच नंबर वाढव. शिवांगी म्हणाली, "वाढवू? आर यू शुअर, काका?" मी हसऱ्या चेहऱ्याने म्हणालो, "हो, पूर्ण वाढव." तिने शंभर टक्के उघडली. पातळी आणखी चढली. मला वाटलं चावी अडकली, म्हणून मी म्हणालो, अगं वाढव ना. ती म्हणाली, याच्या वर जात नाही. एव्हाना पाचव्या टाकीच्या झाकणाखालून एक पांढरी रेघ खाली यायला लागली होती. रॉनने ती पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बोटाने 'एक मिनिट' अशी खूण केली आणि फोनमध्ये, अजूनही शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "शिवांगी, सगळं सोड आणि मास्टर वाढव. दाबून धर."

ती आज्ञाधारक मुलगी आहे. तिने मास्टरचा वरचा बाण दाबून धरला. मी केलेलं ते देखणं बटण पहिल्याच वेळी अचूक चाललं. आठही टाक्या सताड उघडल्या, त्यातल्या चार आधीच काठोकाठ भरलेल्या होत्या. मी खोलीतून ओरडत होतो वाढव, वाढव, आणि ती खालून ओरडत होती वाढवलंय, वाढवलंय, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होतो. रॉन मात्र जिना उतरून गेला, काही घाई न करता, आणि भिंतीवरचं लाल बटण तळहाताने दाबलं. (लाल बटण मी केलेलं नसतं. ते खरंखुरं असतं, त्याला भाषा लागत नाही.)

मी खाली पोचलो तेव्हा दूध घोट्यापर्यंत होतं. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी रॉनला म्हणालो, आमच्याकडे नव्या घरात मुद्दाम दूध उतू घालवतात, ते शुभ असतं. त्याने गटाराकडे वाहत जाणाऱ्या दुधाकडे बघत विचारलं, किती घालवता? मी हाताने पातेल्याचा आकार दाखवला. शिवांगी रडत होती. "तुम्हीच वाढव म्हणालात, काका." मी म्हणालो, "अगं, पण मी वाढव म्हणालो." ती म्हणाली, "तेच तर केलं मी."

कपडे बदलून आम्ही तिघं कँटीनमध्ये बसलो. रॉनला चूक कुणाची हे नको होतं, असं पुन्हा होऊ नये म्हणून ती झाली कशी एवढंच हवं होतं, आणि असा माणूस समोर असला की खोटं बोलता येत नाही. मी त्याला सांगायला लागलो. म्हणालो, आमच्या भाषेत काही गोष्टी थांबल्या, संपल्या, मोडल्या असं म्हणत नाहीत. जे टिकावं असं वाटतं त्याच्याबद्दल तसं बोलायचं नाही, बोललं की खरं होईल अशी भीती. म्हणून मग वाढवलं म्हणायचं. तो म्हणाला, म्हणजे उलट बोलता? मी म्हणालो, उलट नाही. मग थोडा विचार करून म्हणालो, उलटच. त्याला नीट समजावं म्हणून मी उदाहरण घेतलं. म्हणालो, माझी आत्या आहे. पन्नास वर्षं रोज संध्याकाळी ती म्हणते, दुकान वाढवते. त्याचा अर्थ असा असतो, की.

आणि आत्या, तिथेच माझं तोंड थांबलं.

रॉन वाट बघत बसला. शिवांगी डोळे पुसत म्हणाली, "पण काका, तुमची आत्या दुकान मोठं करतेय ना? तुम्ही पेढे आणले होते."

आणले होते. ऑफिसातल्या सगळ्यांना वाटले होते. इंडियन स्टोअरमधून दोन डबे आणून मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझी आत्या या वयात धंदा वाढवते आहे. (अर्थ त्यांनी सरळ घेतला. मीही.) लोकांनी पेढे खाल्ले आणि तुमचं कौतुक केलं. ते सगळं मला त्या कँटीनमध्ये आठवलं आणि मला फार वाईट वाटलं. मी उठून पार्किंगमध्ये गेलो आणि गाडीत बसून फोनवर तुमचा तो निरोप पुन्हा वाचला.

'यंदा दसऱ्याला पूजा करून दुकान वाढवते आहे.' खाली पहिलं उत्तर क्युपर्टिनोच्या ईशानचं. 'वॉव आत्या!' लगेच त्याने बांगड्यांचं चित्र असलेला एक लोगो पाठवला आहे, वेबसाइट काढू म्हणाला आहे, आणि विचारलं आहे की शेजारचा गाळा घेताय का. एका मेंढराने उडी मारली की बाकीची मागे, तसे पुढे आम्ही सगळे: अभिनंदन, अभिनंदन, ग्रेट. त्यात माझंही आहे. दसऱ्याला पूजा म्हटल्यावर माणसाच्या मनात नवीन काहीतरीच येतं, दसऱ्याला कुणी उलटं करत नाही, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण रोज संध्याकाळी दुकान वाढवणारं माणूस ते ग्रुपवर कळवत नाही, आत्या. आणि तुम्ही आमच्या प्रत्येक उत्तराला नुसते हात जोडलेत. ईशानच्या गाळ्यालाही हात जोडलेत. 'अरे गाढवांनो, काय समजलात' असं एकदाही लिहिलं नाहीत. इतर कशावरही तुम्ही आम्हाला गाढव म्हणायला मागेपुढे पाहत नाही.

घरी आल्यावर मृणालिनीला सांगितलं. तिने तो निरोप स्वतः वाचून पाहिला. मग म्हणाली, "हात पदराखाली होता, देवांग."

मग मला सगळं आठवायला लागलं. तुम्ही चुडा भरताना बांगडी कशी अंगठ्याच्या मुळाशी दाबून तिरकी चढवायचात, आणि हाताचं माप न विचारता नुसता पंजा बघून कसं ओळखायचात. मुलीला कळायच्या आत बांगडी मनगटावर असायची. त्या कामाला हात स्थिर लागतो. तुमचा हात थरथरतो का? बांगड्या वाढायला लागल्या आहेत का, मुलींच्या हातात? हे मी इथे लिहून टाकतो आहे, कारण समोर असतो तर विचारू शकलो नसतो, आणि विचारलं असतं तर तुम्ही पावसाबद्दल बोलला असतात. तुमचं काय चाललंय ते आम्हाला माहीत नाही आणि आम्ही तुम्हाला लोगो पाठवतो आहोत, याची मला लाज वाटते.

तर तो लहान प्रश्न असा. तुम्ही दुकान कुठल्या अर्थाने वाढवताय? सरळ अर्थाने असेल, शेजारचा गाळा खरंच घेतला असेल, तर हे पत्र चुलीत घाला आणि मला ग्रुपवर गाढव म्हणा. मी आणखी दोन डबे पेढे वाटीन. पण आपल्या अर्थाने असेल तर तसं कळवा. एकदा तरी हात जोडू नका.

बाकी सर्व क्षेम. मृणालिनीचा आणि अनयाचा नमस्कार. औषधं वेळेवर घ्या. सुचलं तसं लिहिलं आहे, कमी-जास्त झालं असेल तर पोरकटपणा समजून पोटात घाला.

तुमचा,
देवांग

ता. क. शिवांगीला हिरव्या काचेच्या बांगड्या हव्या आहेत. लग्न वगैरे काही नाही. 'वाढव' हा शब्द ज्या दुकानामुळे नव्याने शिकले, तिथलं काहीतरी आपल्या हातात असावं, असं तिचं म्हणणं. तिच्या पंजाचा फोटो सोबत ठेवला आहे. अडीचचं माप लागेल असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर तुम्ही पूर्वीही कधी बांगडी दिलेली नाही. तिने आता कारखान्यातल्या पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'काका वाढव म्हणाले तर आधी विचार, कुठलं.'

आणखी ता. क. माझी नोकरी शाबूत आहे. रॉनने गुरुवारी सही केली, एका अटीवर. मास्टर सोडलं तरी खालची एकही चावी आपोआप उघडता कामा नये, एकेकीला माणसाने हात लावला पाहिजे. म्हणजे आजोबांच्या फळ्या आता अमेरिकेत लागल्या. म्हणून वरची तक्रार मागे घेतो. सही करताना रॉनने आपल्या काटकसरीतून दोन-चार शब्द काढून विचारलं, आत्याने काय कळवलं. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.

शेवटचं ता. क. तिकीट काढलं आहे. दसऱ्याच्या आधी पोचतो. तुम्हाला अडवायला येत नाही, मास्टर तुमच्या हातात आहे आणि तुमचा हात दुखत असेल तर मी कोण सांगणार. पण नऊ नंबरची फळी पावसाळ्यात फुगते. ती खालून लाथ मारल्याशिवाय खाचेत बसत नाही, आणि ती लाथ लहानपणापासून माझी आहे. आठ तुम्ही लावा. आता 'तुम्ही' पुरे झालं, हे पुढचं मी फोनवर बोलल्यासारखं लिहितो. आत्या, मी येईपर्यंत दुकान बंद करू नकोस. (तो शब्द मी पूर्ण शुद्धीत लिहिला आहे. कानाखाली द्यायला तुला उजवाच हात लागतो. तो पदराखालून बाहेर काढून ठेव, मी येतोय.)